तांब्यावर उमटलेले वचन

तांबे हा मनुष्याचा फार जुना सोबती आहे. पाणी साठविण्याची घागर, पूजेतील ताम्हन व पळी, आंघोळीचे पाणी तापविणारा बंब अशा अनेक रूपांनी या धातूने आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वास केला आहे. तांबटाच्या हातोडीचे घाव पडले, तरी तो तडकत नाही; घाव पडेल तसा तो पसरतो व हवा तो आकार घेतो. लोखंडाप्रमाणे गंजून त्याचे पापुद्रेही निघत नाहीत. म्हणूनच जे शब्द काळाने पुसू नयेत असे वाटे, ते आपले पूर्वज तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवीत असत.

राजाने एखाद्या विद्वानाला किंवा देवस्थानाला गाव अथवा जमीन दान दिली, म्हणजे त्या दानाचा मजकूर ताम्रपटावर कोरला जाई. पत्रे अनेक असल्यास ते एका कडीत ओवीत व कडीवर राजमुद्रा उमटवीत. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे, अशा अर्थाचे शब्द त्यात असत. पुढील राजांनी हे वचन मोडू नये, म्हणून अखेरीस शापवचनेही घातलेली असत. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याचा भाऊ विष्णुवर्धन याने सातव्या शतकात दिलेला असा एक ताम्रपट 'सातारा ताम्रपट' या नावाने इतिहासकारांना परिचित आहे. दान देणारा गेला, दान घेणारा गेला, चालुक्यांचे राज्यही लयाला गेले. पण राजाने दिलेला शब्द मात्र तांब्यावर टिकून राहिला.

ताम्रपटाची प्रत एकच असे आणि ती ज्याच्या घरी असेल, त्याच्यापुरतीच राही. पुढे त्याच तांब्याच्या पत्र्याला शाई लावून कागदावर अनेक ठसे घेण्याची कला आपल्याकडे आली. या कलेचा एक मोठा मान आज सांगली जिल्ह्यात असलेल्या मिरजेकडे जातो. तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्‌गीता कोरून ती छापावी, असे नाना फडणिसांनी योजिले होते. परंतु १८०० मध्ये नाना निवर्तले आणि ते काम पुण्यात पुरे झाले नाही. तेव्हा मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. हे काम किती अवघड होते, याची थोडी कल्पना करून पाहा. छापताना डावी बाजू उजवी होते व उजवी बाजू डावी होते. म्हणून पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे, आरशात दिसते तसे कोरावे लागते. एखादे अक्षर सुलटे कोरले गेले, तर कागदावर ते उलटे उमटणार!

मिरजेत गीता छापली गेली, त्यापूर्वी सुमारे साडेतीन शतके युरोपातील कलावंत तांब्याच्या पत्र्यावरून चित्रे छापीत होते. त्यांच्या दोन रीती होत्या. एका रीतीत कलावंत पोलादी छिन्नीने पत्र्यावर थेट रेषा कोरी. या कामाला हातात मोठे बळ लागे व वेळही पुष्कळ लागे. दुसऱ्या रीतीत कोरण्याचे काम हाताऐवजी तेजाब करी. सोनार ज्याला तेजाब म्हणतात, ते तीव्र अम्ल धातूला खाऊन टाकते, हे तुम्हांला ठाऊक असेल. या दुसऱ्या रीतीला मराठीत अम्लरेखन असे नाव आहे. इंग्रजीतून आलेला 'एचिंग' हा शब्दही चित्रकारांच्या बोलण्यात रूढ आहे. चिलखतांवर व तलवारींवर वेलबुट्टी काढणारे कारागीर ही युक्ती आधीपासून वापरीत असत. सोळाव्या शतकाच्या आरंभी ती चित्रकारांच्या हाती आली.

अम्लरेखन कसे करतात, ते आता क्रमाने पाहू. प्रथम तांब्याचा सपाट पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करतात. त्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. मग पत्रा पालथा धरून खालून मेणबत्तीचा धूर देतात, म्हणजे काजळीने तो थर काळा होतो. या काळ्या थरावर चित्रकार टोकदार सुईने चित्र काढतो. सुईने तांबे कापावयाचे नसते, केवळ मेणाचा थर खरवडावयाचा असतो. त्यामुळे हात कागदावर चालावा तितका मोकळेपणाने चालतो आणि जेथे सुई फिरली, तेथे तांब्याची लालसर रेषा उघडी पडते.

नंतर हा पत्रा तेजाबात बुडवितात. मेण असते तेथे तेजाबाचे काही चालत नाही. परंतु उघड्या रेषांतील तांबे ते खाऊ लागते आणि बारीक बारीक बुडबुडे वर येतात. ज्या रेषा फिकट हव्या असतील, त्या थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून रोगणाने झाकून टाकतात व पत्रा पुन्हा तेजाबात ठेवतात. रेषा जितका अधिक काळ उघडी राहील, तितकी ती खोल जाते. आणि जितकी खोल, तितकी ती छापल्यावर गडद दिसते. दूरचा डोंगर, आकाशातील ढग यांच्या रेषा लवकर झाकल्या जातात. जवळच्या माणसाच्या अंगरख्याच्या चुण्या व झाडांखालील सावल्या यांना तेजाबात दीर्घकाळ राहावे लागते.

शेवटी मेणाचा थर पुसून काढतात व साऱ्या पत्र्यावर दाट काळी शाई चोळतात. मग फडक्याने पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात. पृष्ठभागावरील शाई निघून जाते. रेषांच्या खाचांतील शाई मात्र तशीच राहते. डाकघरातील शिक्क्याच्या अगदी उलट हा प्रकार आहे. शिक्क्याचा उंच भाग उमटतो, तर येथे खोल भाग उमटतो. त्या पत्र्यावर ओलसर कागद ठेवून दोन जड रुळांच्या मधून तो दाबून काढतात, तेव्हा कागद खाचांत शिरून शाई उचलून घेतो. कागद उचलताच चित्र दिसू लागते आणि चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडेचा दाबही उमटलेला दिसतो. अशा रीतीने एका पत्र्यावरून शेकडो ठसे घेता येतात.

या कलेतील एका प्रसिद्ध चित्राची ओळख आता आपण करून घेऊ. साल्वातोर रोझा हा इटलीतील चित्रकार १६१५ मध्ये नेपल्सजवळ जन्मला आणि १६७३ मध्ये रोम येथे मरण पावला. तो कवी होता, नाटकांत भूमिकाही करी. कोणा राजाच्या पदरी राहून त्याच्या मर्जीप्रमाणे चित्रे काढणे त्याला मानवत नसे. १६६२ च्या सुमारास, म्हणजे प्रतापगडच्या प्रसंगानंतर दोनतीन वर्षांनी, त्याने तांब्याच्या एका मोठ्या पत्र्यावर अम्लरेखनाने एक चित्र तयार केले. हाच प्रसंग त्याने त्यापूर्वी तैलरंगांतही रंगविला होता. पण रंगविलेले चित्र एकाच धनिकाच्या घरी राहते. छापलेले चित्र मात्र देशोदेशी जाते. रोझाच्या या चित्राचे ठसे आजही जगातील मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. चित्राचे नाव आहे 'अटिलिअस रेग्युलसचा मृत्यू'.

हा रेग्युलस कोण होता? त्यासाठी आपल्याला सुमारे सव्वादोन हजार वर्षे मागे गेले पाहिजे. आपल्याकडे मौर्यांचे साम्राज्य असतानाच भूमध्य समुद्राच्या काठी दोन बलाढ्य सत्तांमध्ये युद्ध जुंपले होते. एक इटलीतील रोम आणि दुसरी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज. आजच्या ट्युनिस शहराजवळ कार्थेजचे अवशेष आहेत. हे युद्ध इसवी सनापूर्वी २६४ मध्ये सुरू झाले व २४१ पर्यंत चालले. रोममध्ये राजा नव्हता. दर वर्षी दोन सर्वोच्च अधिकारी निवडले जात. त्यांना कॉन्सल म्हणत. इसवी सनापूर्वी २५६ मध्ये मार्कस अटिलिअस रेग्युलस हा कॉन्सल असताना रोमच्या आरमाराने कार्थेजच्या आरमाराचा समुद्रावर पराभव केला आणि रेग्युलस आफ्रिकेच्या भूमीवर सैन्य घेऊन उतरला.

आरंभी त्याला विजयामागून विजय मिळाले. कार्थेजने तहाची बोलणी सुरू केली, तेव्हा त्याने इतक्या कठोर अटी घातल्या, की त्या स्वीकारण्यापेक्षा लढून मरणे बरे, असे कार्थेजच्या लोकांना वाटले. त्यांनी झँथिप्पस नावाच्या स्पार्टाच्या एका कुशल सेनानीच्या सल्ल्याने सैन्य नव्याने उभे केले आणि इसवी सनापूर्वी २५५ मध्ये रोमन सैन्याचा धुव्वा उडविला. काल ज्याने शरण आलेल्यांवर दया केली नाही, तो रेग्युलस आज स्वतः शत्रूचा कैदी झाला.

पुढील कथा रोमन लोक अशी सांगत. काही वर्षांनी कार्थेजने आपल्या वकिलांबरोबर रेग्युलसला रोमला पाठविले. कैद्यांची अदलाबदल व्हावी, अशी कार्थेजची इच्छा होती. ती बोलणी यशस्वी झाली नाहीत, तर आपण परत येऊ, अशी शपथ रेग्युलसकडून घेण्यात आली होती. स्वतःच्या सुटकेसाठी तरी तो रोमचे मन वळवील, असा शत्रूचा हिशेब होता.

रेग्युलस रोममध्ये आला. वडीलधाऱ्यांच्या सभेला तेथे सिनेट म्हणत. त्या सभेत त्याने आपले मत दिले, ते कार्थेजच्या विरुद्ध! रोमच्या ताब्यातील कैदी तरुण व शूर सेनानी आहेत. आपण आता वृद्ध झालो आहोत. अशा अदलाबदलीत रोमचीच हानी आहे, असे त्याने सांगितले. सिनेटने त्याचा सल्ला मानला. आता त्याच्यापुढे दोन मार्ग होते. स्वतःच्या घरी, बायकामुलांत राहावे, किंवा ज्या शत्रूचे काम त्याने बिघडविले, त्याच शत्रूच्या हाती पुन्हा जावे. आप्तेष्टांनी त्याला राहण्याचा आग्रह केला. परंतु दिलेला शब्द पाळण्यासाठी तो कार्थेजला परत गेला. तेथे त्याचे हाल करून त्याला ठार मारण्यात आले. खिळे ठोकलेल्या पिंपात त्याला कोंडले, असे एका कथेत सांगितले आहे. रोझाने चितारलेला प्रसंग तो हाच.

रोझाचे चित्र सुमारे ७२ सेंटिमीटर रुंद आहे. मोकळ्या मैदानात मोठा जमाव जमला आहे. मागे वृक्ष व आकाश आहे. सैनिक, अधिकारी व बघे यांच्या गर्दीत ते पिंप आहे आणि त्यात रेग्युलस आहे. पुष्कळशी माणसे आपापल्या कामात किंवा पाहण्यात गुंतलेली आहेत. या गर्दीत चित्रातील सर्वांत महत्त्वाचा मनुष्य आपल्याला शोधून काढावा लागतो. चित्रात रंग नाही. केवळ काळ्या रेषा आणि कोरा कागद यांतून ऊन, सावली, कपड्यांच्या चुण्या व माणसांचे देह उभे राहिले आहेत. जेथे रेषा विरळ आहेत, तेथे प्रकाश दिसतो; जेथे त्या एकमेकींना छेदून दाट झाल्या आहेत, तेथे अंधार दाटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कथा सांगणारा एकामागून एक प्रसंग सांगू शकतो; चित्रकाराला मात्र एकच क्षण निवडावा लागतो. रेग्युलसच्या कथेत असे तीन क्षण आहेत: सिनेटमधील भाषण, कुटुंबाचा निरोप आणि कार्थेजमधील अंत. रोमन कवी होरेस याने आपल्या काव्यात निरोपाचा क्षण उजळून दाखविला. बेंजामिन वेस्ट या चित्रकाराने १७६९ मध्ये इंग्लंडच्या राजासाठी रेग्युलसचे चित्र काढले. त्यानेही निरोपाचाच प्रसंग घेतला. रोझाने शेवटचा क्षण निवडला. वेस्टचे चित्र पाहून 'आता हा काय करील?' असा प्रश्न मनात येतो. रोझाचे चित्र पाहून 'याने असे का केले?' असा प्रश्न येतो. क्षण बदलला, की चित्राचा अर्थही बदलतो.

आता दुसरा प्रश्न. ही कथा खरी आहे काय? रेग्युलसने आफ्रिकेत केलेली लढाई, त्याचा पराभव व त्याची कैद यांविषयी शंका नाही. पॉलिबिअस या विचक्षण ग्रीक इतिहासकाराने ती सविस्तर सांगितली आहे. परंतु रोमची फेरी आणि पिंपातील मृत्यू यांचा त्याने कोठे उल्लेखही केलेला नाही. डायोडोरस नावाचा आणखी एक इतिहासकार असे सांगतो, की पतीचा सूड म्हणून रेग्युलसच्या पत्नीने रोममध्ये आपल्या ताब्यातील कार्थेजच्या कैद्यांचे अतोनात हाल केले. म्हणून रोमन लोकांनी स्वतःकडील या क्रूरपणावर पांघरूण घालण्यासाठी शत्रूच्या क्रूरपणाची कथा रचली असावी, असे अनेक विद्वान मानतात. चित्र कितीही प्रभावी असले, तरी ते पुरावा ठरत नाही. रोझा तर या घटनेनंतर सुमारे १९०० वर्षांनी झाला.

मग या कथेला काहीच मोल नाही काय? तसे म्हणता येणार नाही. रोमचा थोर वक्ता सिसेरो याने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथात रेग्युलसचा विस्ताराने विचार केला आहे. शत्रूने बळाने घेतलेली शपथ कशाला पाळावयाची, असे काही लोक म्हणत. सिसेरोने त्यांना उत्तर दिले, की युद्धातही शत्रूला दिलेला शब्द हा शब्दच असतो. मित्राला दिलेले वचन प्रेमानेही पाळले जाते. भीतीने दिलेले वचन भीतीपोटी पाळले जाते. परंतु जेथे प्रेम नाही व पहाराही नाही, तेथे वचन पाळावयाचे ते केवळ आपण ते दिले आहे म्हणून. रेग्युलस रोममध्ये मोकळा होता. त्याला बांधून ठेवणारे काही उरले असेल, तर तो त्याचा स्वतःचा शब्द.

त्याचबरोबर या कथेतील शोकही विसरू नये. ज्याने विजयाच्या भरात शरण आलेल्यांना दया दाखविली नाही, त्याच मनुष्याला पुढे शत्रूच्या दयेवर अवलंबून राहावे लागले. त्याच्या वचनपालनाने त्याचे प्राण वाचले नाहीत, त्याच्या पत्नीचे दुःख टळले नाही आणि युद्धही थांबले नाही. ते पुढे बरीच वर्षे चालले. डायोडोरसची हकीकत खरी असेल, तर एका दुःखातून आणखी कित्येकांचे दुःख निर्माण झाले. रोझाने आपल्या चित्रात रेग्युलसभोवती एवढी गर्दी उभी केली आहे, तिच्याकडे पाहताना हेही मनात येते, की यांपैकी एकाने जरी हात आवरला असता, तर!

अशी चित्रे पाहण्याची सवय डोळ्यांना लावावी लागते. सातारा जिल्ह्यातील औंध येथे तशी उत्तम संधी आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये यमाईदेवीच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांच्यासारख्या भारतीय चित्रकारांच्या कृतींबरोबर पाश्चात्त्य कलावंतांच्या गाजलेल्या चित्रांच्या प्रतिकृतीही तेथे आहेत. एखाद्या संग्रहालयात एखादे चित्र कागदावर छापलेले दिसले, तर जवळ जाऊन पाहा. कडेला पत्र्याचा दाब उमटला आहे काय? कोणत्या रेषा नाजूक आहेत व कोणत्या गडद? मग थोडे दूर उभे राहून विचारा: चित्रकाराने हाच क्षण का निवडला असेल? त्याच्या आधी काय घडले असेल, पुढे काय घडेल? आणि ही हकीकत आपल्याला कोणी सांगितली?

चालुक्यांच्या कारागिराने तांब्यावर राजाचे वचन कोरले, मिरजेच्या कारागिराने गीतेची अक्षरे कोरली आणि रोझाने वचनासाठी प्राण देणाऱ्या मनुष्याचे चित्र तेजाबाने उमटविले. तिघांचे काळ वेगळे, कामाची रीतही वेगळी. जे टिकावे असे त्यांना वाटले, ते त्यांनी तांब्याच्या स्वाधीन केले आणि तांब्याने ते सांभाळले. मात्र तांबे सांभाळते, ती अक्षरे व रेषा. वचन पाळणे मनुष्यालाच करावे लागते, आणि तेही पाहणारा कोणी नसताना.